अडीच बोटं खाली

चिगू बहारोम यांच्या गाडीतला एकुलता एक दोष पहिल्यांदा मांजराने शोधून काढला.

गाडी सेकंडहँड असली तरी जातिवंत होती. पांढरी, जपानी, पुढच्या जाळीवर लाल अक्षर, आणि पाय नुसता टेकवला तरी मानेला हिसका देणारी. इपोहच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या माणसाने असली गाडी घ्यावी का, या प्रश्नावर तामान सरी केनांगा या वसाहतीत घरोघरी चर्चा झाली होती आणि सगळीकडे निकाल चिगूंच्या विरुद्ध लागला होता. चिगूंनी तो मनावर घेतला नाही. शाळा सुटली तरी लोकांच्या तोंडची 'चिगू', म्हणजे 'मास्तर', ही हाक सुटली नव्हती, आणि मास्तर माणसाला बहुमताची सवय नसते.

पण एका सकाळी तोम्पोक या घरच्या मांजराने मागच्या चाकावर उडी मारली, चाक आणि मडगार्ड यांच्यामधल्या पोकळीत अंगाचं वेटोळं केलं आणि दुपारपर्यंत ताणून दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तोम्पोक काही अर्धपोटी मांजर नव्हतं. रोज दोन वेळा मासे खाऊन त्याचं पोट जमिनीला टेकायला आलं होतं. ते जिथे सुखाने मावतं ती पोकळी केवढी, हा विचार चिगूंच्या मनात आला आणि त्यांनी तो झटकून टाकला. मग त्यांचा होणारा जावई हझवान भेटायला आला. बरोबर त्याचा एक मित्र होता. मित्राने गाडीभोवती चक्कर मारली.

"पाकचिक, गाडी झकास आहे हं," तो चिगूंना काका म्हणून हाक मारत म्हणाला. "पण एवढी उंच का? पूर येणार आहे का इकडे?"

हझवान हसला नाही. तो घाईघाईने आंब्याच्या झाडाकडे बघायला लागला, आणि चिगूंना ते जास्त लागलं.

लग्न पाच आठवड्यांवर होतं. लग्नानंतर इझ्यान, म्हणजे चिगूंची एकुलती एक लेक, हझवानबरोबर मिरीला जाणार होती. मिरी म्हणजे समुद्रापलीकडे, विमानाने जायचं गाव. इझ्यान सात वर्षांची असताना मोपेडवरून शाळेत जाताना बापलेक एकदा नखशिखांत भिजले होते. तेव्हा तिचे दात वाजताना ऐकून चिगू बोलून गेले होते, "तुझ्या लग्नाला मी तुला मशिदीत चांगल्या गाडीतून नेईन. आणि गाडी मीच चालवीन." पोरगी ते विसरली नव्हती. चिगूही विसरले नव्हते. गाडी घेण्याचं खरं कारण तेच होतं, पण ते त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं. विचारलं तर 'मला वेगाची आवड आहे' असं ते सांगत, आणि ताशी पन्नासच्या वर कधी जात नसत.

तेव्हा ज्या गाडीतून लेकीला न्यायचं, तिला कोणी पुराची गाडी म्हणू नये, एवढाच मुद्दा होता.

गाडी खाली आणायची तर तिच्या मूळच्या स्प्रिंगा काढायच्या आणि आखूड स्प्रिंगा बसवायच्या. एवढ्या एका वाक्यात संपणारा विषय चिगूंनी शंभर पानी वहीत नेला. बाजारात कोणकोणत्या स्प्रिंगा मिळतात, कोणती किती मिलिमीटर खाली आणते, किती वजनाला किती दबते, वेटोळी किती, याचे त्यांनी रकाने आखले. आलेख काढले. काळी स्प्रिंग गाडीला थोडंसंच खाली आणत होती आणि अंगाने मऊ होती. लाल मध्यम. पिवळी पार खाली नेणारी आणि दगडासारखी कडक. तिघींच्या आलेखाच्या रेषा एका ठिकाणी एकमेकींना छेदत होत्या. त्या बिंदूला काय अर्थ आहे हे चिगूंना कळलं नव्हतं, पण त्यांनी त्याच्याभोवती लाल गोल केला होता.

"अहो, मुलीच्या लग्नाची यादी अजून अर्ध्या पानावर आहे," त्यांची बायको झबेदा म्हणाली. "आणि हे स्प्रिंगांचं पुराण संपत आलं. तंबूवाल्याला फोन कोण करणार? पिवळी स्प्रिंग?"

"मोजमाप पक्कं असलं की पुढचं सगळं सोपं जातं," चिगू म्हणाले.

"मग तंबूचं मोजमाप घ्या."

चिगूंची खरी पंचाईत घराबाहेर झाली. वसाहतीच्या कोपऱ्यावर माकचिक सेनाह, म्हणजे सेनाहमावशी, यांची नारळाच्या दुधातल्या भाताची, नासी लमाकची, टपरी आहे. तिथे सकाळी बसलेल्या माणसाला चहाबरोबर सल्ला फुकट मिळतो, आणि चहा नको असला तरी सल्ला घ्यावाच लागतो. चिगूंनी वही उघडली मात्र, टपरीचे तीन पंथ झाले. एक पंथ म्हणाला, चाकावर तीन बोटं जागा हवी. दुसरा म्हणाला, दोन. तिसऱ्या पंथात एकच माणूस होता, तो म्हणाला, एकसुद्धा नको. आणि त्याच्याकडे सायकल होती. या धंद्यात चाक आणि मडगार्ड यांच्यातलं अंतर बोटांनीच मोजतात. गिऱ्हाईक बोटं सांगतं, मिस्त्री बोटं घालून बघतो, दोघं माना डोलावतात आणि काम होतं. मिलिमीटर वगैरे भाषा तिथे कोणी काढत नाही.

"मुलायम घ्या चिगू," माकचिक सेनाह रस्सा वाढता वाढता म्हणाल्या. "माझ्या नातवाने गाडी खाली केली, तेव्हापासून त्याच्याबरोबर मी रश्श्याचं पातेलं पाठवत नाही. जाताना घट्ट रेंदांग असतं, पोचेपर्यंत सूप होतं."

सगळ्यात जास्त सल्ला शिवनेसन यांनी दिला. शिवनेसन चिगूंचे शेजारी, रेल्वेतले निवृत्त गार्ड. निवृत्त होताना शिट्टी आणि हिरवा झेंडा त्यांनी घरी आणला होता. ते त्यांना कोणी दिले की त्यांनीच घेतले, हे स्पष्ट झालेलं नाही.

"चिगू, छत्तीस वर्षं गाडीत काढली मी," ते म्हणाले. "आगगाडी कोणी खाली केली का? नाही. का नाही?"

"का नाही?"

"ते तुम्हीच बघा. तुम्ही शिकलेले," शिवनेसन म्हणाले आणि चिगूंच्या बशीतलं अंडं त्यांनी आपल्या बशीत घेतलं.

घरी येऊन चिगूंनी दार लावून घेतलं आणि चाकावर बोटं ठेवून पाहिली. बरोबर पाच बोटं. टपरीवर तिन्ही पंथांत जे काही ठरलं नव्हतं त्याची त्यांनी सरासरी काढली, ती नीट जमली नाही म्हणून थोडी इकडेतिकडे केली, आणि निर्णय घेतला. अर्धी जागा ठेवायची, अर्धी घालवायची. गाडी अडीच बोटं खाली.

स्प्रिंगांचं दुकान किट वेंगचं. किट वेंग चिगूंचाच विद्यार्थी, गणितात तीनदा नापास झालेला, पण हाताला गुण असलेला. गाडीच्या नुसत्या आवाजावरून तो दुखणं सांगतो. चिगू दुकानात शिरले तेव्हा दोनशे पाउंडांचा तो गडी अजूनही हात पुसून उभा राहिला. चिगूंबरोबर शिवनेसनही होते, कारण त्यांना कोणी येऊ नका असं म्हटलं नव्हतं.

"चिगू, तुमच्या वयाला... म्हणजे तुमच्या रस्त्याला काळी बरी," किट वेंग म्हणाला. "रोजची गाडी आहे. थोडी खाली, मऊ. घरचे खूश, तुम्हीही खूश."

चिगूंना 'तुमच्या वयाला' एवढंच ऐकू आलं.

"अडीच बोटं खाली," ते म्हणाले.

किट वेंगने गाडीकडे बघितलं, चिगूंकडे बघितलं. "अडीच? पूर्ण अडीच?"

"अपूर्ण अडीच असतं का, किट वेंग?"

शाळेत असताना चिगूंना एक प्रश्न विचारला की उलट तीन यायचे, हे किट वेंगच्या अंगात मुरलेलं होतं.  त्याने चाकाशी स्वतःची बोटं लावली, अडीच बोटं मनात धरली आणि कपाटातून पिवळ्या स्प्रिंगांचा खोका काढला. चिगूंची वही त्यांच्या काखेत होती. तिच्यात तिन्ही स्प्रिंगांचे मिलिमीटरचे रकाने होते. पण दुकानात सगळे बोटांनी बोलत असताना वही उघडणं म्हणजे नवखेपणा दिसतो, असं चिगूंना वाटलं. ती काखेतच राहिली.

संध्याकाळी गाडी जॅकवरून खाली उतरली आणि चिगू दोन पावलं मागे सरून बघू लागले. गाडी दबा धरून बसल्यासारखी दिसत होती. चाकं मडगार्डखाली अशी गेली होती की पुराचा प्रश्न पुन्हा निघणार नव्हता.

"जरा जास्तच खाली दिसते का?" चिगूंनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"अजून बसेल चिगू," किट वेंग आनंदाने म्हणाला. "नवी स्प्रिंग आठवडाभरात आणखी अर्धं बोट बसते."

जुन्या स्प्रिंगा कोपऱ्यात पडल्या होत्या. "या फेकणार का?" शिवनेसननी विचारलं. "फेकणार असलात तर माझ्या बोगनवेलीच्या कुंड्यांना बैठक होईल." चिगू त्या वेळी गाडीकडे बघत होते. ते 'न्या' म्हणाले.

इथे तामान सरी केनांगाच्या स्पीडब्रेकरांविषयी सांगणं भाग आहे. वसाहतीत शिरायला एकच रस्ता, आणि चिगूंचं घर त्याच्या अगदी टोकाला. मुख्य रस्त्यापासून त्यांच्या फाटकापर्यंत चार स्पीडब्रेकर आहेत. साधेसुधे नाहीत. तीन वर्षांपूर्वी उनाड मोटरसायकलींचा सुळसुळाट झाला, तेव्हा वसाहत समितीचे अध्यक्ष या नात्याने चिगूंनी नगरपालिकेला अकरा पत्रं लिहिली होती. पालिकेने अर्ध्या उंचीचे देऊ केले, चिगूंनी ते नाकारले. शेवटी प्रत्येकी शंभर मिलिमीटर उंचीचे चार गतिरोधक उभे राहिले, आणि उद्घाटनाला चिगूंनी स्वतः पट्टी लावून उंची तपासली. वसाहतीत त्यांना अजून 'चिगूचे डोंगर' म्हणतात.

पहिल्या डोंगरावर गाडीच्या पोटातून असा आवाज आला की माकचिक सेनाहच्या टपरीवरचे सगळे उभे राहिले. दुसऱ्यावर पुढचा बंपर घासला. तिसऱ्यावर चिगूंनी डोळे मिटले. चौथ्यावर शिवनेसन खाली उतरले, गाडी हलकी झाली आणि ती कण्हत कण्हत पार झाली.

"चिगू," खिडकीत वाकून शिवनेसन म्हणाले, "हे कोणी बांधून घेतले म्हणे?"

घरी चिगूंनी चाकावर बोटं ठेवली. अडीच उरायला हवी होती. दीडच होतं. तोम्पोक आला, त्याने जागा हुंगली, चिगूंकडे एकदा पाहिलं आणि तो शिवनेसनच्या घरी झोपायला गेला.

सकाळी चिगू तणतणत दुकानात गेले. किट वेंगने आपला पंजा त्यांच्यासमोर धरला. मग चिगूंचा हात उचलून त्याच्या शेजारी ठेवला. एकीकडे पान्यांनी पोसलेली जाडजूड बोटं, दुसरीकडे खडू धरून धरून खडूसारखीच झालेली बोटं. किट वेंगची अडीच म्हणजे चिगूंची साडेतीन भरत होती.

"चिगू," किट वेंग खाली मान घालून म्हणाला, "रागावू नका. उत्तरात एकक लिहिलं नाही की तुम्ही अर्धा मार्क कापायचात. माझे किती गेले असतील त्याची गणतीच नाही. काल तुम्ही नुसतं 'अडीच बोटं' म्हणालात. कोणाची, ते लिहिलं नाहीत."

 चिगू एका टायरवर बसले.

काळ्या स्प्रिंगा मागवायच्या तर महिना लागणार होता. लग्न तीन आठवड्यांवर. राहता राहिल्या मूळच्या. चिगू लगोलग शिवनेसनच्या अंगणात पोचले. चारही स्प्रिंगा रातोरात अंगणात ओळीने सिमेंटमध्ये रोवलेल्या होत्या, त्यांवर कुंड्या होत्या आणि बोगनवेलीला कळ्या आल्या होत्या. एका कुंडीत तोम्पोक होता.

"पक्क्या बसवल्यात," शिवनेसन अभिमानाने म्हणाले. "भूकंप झाला तरी हलणार नाहीत."

म्हणजे आता गाडी वर येणार नव्हती. तेव्हा डोंगर खाली यायला हवे होते. चिगूंनी इस्त्रीचा सदरा घातला आणि ते नगरपालिकेत गेले.

रस्ते विभागातल्या हस्मा बाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी अर्जाचा कोरा कागद पुढे केला. जागा, मागणी, कारण. "कारण लिहायचंच," त्या म्हणाल्या. "कारणाशिवाय अर्ज पुढे सरकत नाही." चिगूंनी 'गतिरोधकांची उंची कमी करावी' असं लिहिलं, आणि कारणाच्या रकान्यात बराच विचार करून 'सार्वजनिक सोय' असं लिहिलं. हस्मा बाईंनी नाव वाचलं, कपाट उघडलं आणि दोन्ही हातांनी एक फाइल बाहेर काढली.

"तामान सरी केनांगा. जुनी ओळख आहे," त्या म्हणाल्या. "नियमाप्रमाणे आधीचा पत्रव्यवहार वाचून दाखवावा लागतो. पत्र सातवं. 'भविष्यात कोणी या गतिरोधकांची उंची कमी करण्याची मागणी केल्यास ती फेटाळण्यात यावी. अशी मागणी करणारा मनुष्य स्वतःच बेजबाबदारपणे गाडी हाकणारा असणार, हे उघड आहे.' सही, बहारोम."

चिगू खिडकीबाहेर बघू लागले.

"पत्र नववं," हस्मा बाई पान उलटून म्हणाल्या. "'गाडीचे पोट घासत असेल, तर दोष गाडीच्या पोटाचा आहे.' वाचू पुढे?"

"नको," चिगू म्हणाले.

"अर्ज मी घेते, चिगू. माझा भाऊ तुमच्या वर्गात होता." त्यांनी शिक्का मारला. "समितीचा ठराव लागेल, पाहणी होईल, मग माणसं येतील. दोन-तीन महिने धरा."

समितीचा ठराव तर आणखी वेगळीच शोभा होती. अध्यक्ष म्हणून चिगूंनी विषय मांडला आणि अध्यक्ष म्हणूनच शांतता राखण्याची विनंती केली, कारण सभा हसत होती. माकचिक सेनाहने अनुमोदन दिलं ते केवळ चिगूंची कीव येऊन. दुसऱ्याची गाडी घेऊन जा, असं प्रत्येकाने सुचवलं. हझवानच्या वडिलांनी तर आपली मोठी काळी गाडी चालकासकट पाठवायची तयारी दाखवली. त्या रात्री जेवताना इझ्यानने विषय काढला.

"आबा, मी कशातूनही जाईन. व्हॅनमधून जाईन. तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका."

"मी बोललो होतो," चिगू म्हणाले.

"तेव्हा मी सात वर्षांची होते."

"म्हणून काय झालं? मी चाळीसचा होतो."

झबेदाने नवऱ्याच्या ताटात माशाचा तुकडा वाढला.

चिगू आता वहीच्या मागच्या पानांकडे वळले. प्रयोग करून त्यांनी शोधून काढलं की गाडी रिकामी असेल, डोंगर तिरका चढला, एकेक चाक फळीवरून नेलं, तर ती पार होते. मग त्यांनी वजनं मांडली. स्वतःचं, इझ्यानचं, जरीच्या पोशाखाचं, डोक्यावरच्या मुकुटाचं. पेट्रोल फक्त मशिदीपुरतं. जादा चाक काढून ठेवलं. बेरीज काठावर बसत होती. या वेळी प्रत्येक आकड्यापुढे किलोग्रॅम असं एकक लिहिलेलं होतं.

लग्नाच्या शनिवारी सकाळी इझ्यान बाहेर आली आणि चिगूंनी हातातली वही मिटली. मोतिया रंगाचा पोशाख, त्याला सोनेरी जर. एवढीशी पोर मोपेडच्या मागे त्यांचा सदरा घट्ट धरून बसायची. ते काहीतरी बोलणार तोच तिच्यामागून कलसोम बाई बाहेर आल्या. कलसोम बाई माक आंडाम होत्या. नवरीला सजवणारी ही बाई निकाह होईपर्यंत तिच्या शेजारून हलत नाही. पंखा, पावडर आणि टाचण्या घेऊन तिला चिकटून असते. हे चिगूंना जन्मापासून माहीत होतं. तरीही वहीत कलसोम बाई नव्हत्या, आणि त्यांचा आकार बघता ही किरकोळ चूक नव्हती.

"बाई, आपण व्हॅनमधून आलात तर?" चिगूंनी अदबीने विचारलं.

"चिगू, बावीस वर्षांत माझी एकही नवरी एकटी गेलेली नाही," कलसोम बाई गाडीत बसत म्हणाल्या. गाडी एका बाजूला आणखी एक बोट खाली गेली. "हिला घाम आला तर पुसणार कोण? तुम्ही?"

झबेदा आणि पाहुणे व्हॅनमधून आधीच मशिदीत गेले होते. निकाहला अर्धा तास उरला होता, आणि मुलीचा वली, म्हणजे तिला निकाहात देणारा पालक, स्वतः चिगू. ते पोचल्याशिवाय काझी तोंड उघडणार नव्हता. घराजवळच्या पहिल्याच डोंगरावर गाडी चढली, पोटावर बसली आणि थांबली. पुढची चाकं एकीकडे, मागची दुसरीकडे, आणि चिगू मध्ये घाम पुसत. त्यांचा घाम पुसायला कोणी नव्हतं.

तेवढ्यात शिट्टी वाजली. शिवनेसन गणवेशाची टोपी घालून, हिरवा झेंडा घेऊन, फळ्या ओढत आले.

"सर्व प्रवाशांनी उतरावं!" ते ओरडले. "गाडी पुढच्या स्थानकावर मिळेल!"

इझ्यान आधी उतरली. एका हाताने पोशाख सावरत ती डोंगर चढून पलीकडे गेली. मागून पंखा हलवत कलसोम बाई. गाडी हलकी झाली, तिरकी झाली, खरवडत पार झाली. सगळे पुन्हा बसले. दुसऱ्या डोंगरावर पुन्हा तेच. पण तोवर शिट्टी ऐकून लोक घराबाहेर आले होते. म्हाताऱ्या मादाम पोह गुडघ्यांमुळे मेजवानीलाही येऊ शकणार नव्हत्या. त्या आपल्या फाटकाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. इझ्यान उतरली ती थेट त्यांच्यापाशी गेली आणि वाकली. "अय्या, ही आमची लाल बो लावून शाळेत जायची तीच?" म्हणत म्हातारीने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि रडायला लागली. कलसोम बाईंना तिथे दोन चेहरे पुसावे लागले.

तिसऱ्या डोंगरावर माकचिक सेनाह टपरी सोडून आल्या होत्या. त्यांनी इझ्यानवर फुलांच्या पाकळ्या उधळल्या आणि चिगूंच्या खिडकीतून केळीच्या पानातली पुडी आत दिली. "सकाळपासून काही खाल्लं नसेल. वजनात धरू नका." चिगूंचा फोन सारखा वाजत होता. झबेदा विचारत होती, काझी विचारत होता, हझवान तर बिचारा नुसताच फोन करून ठेवत होता. चिगूंचा चेहरा लालबुंद झाला होता. एकतीस वर्षांची सगळी इभ्रत या एका रस्त्यावर खरवडून निघते आहे, असं त्यांना वाटत होतं. आरशात त्यांनी मागे पाहिलं. इझ्यान हसत होती. लाजेने नव्हे, मजेत.

चौथ्या डोंगराच्या पलीकडे मुख्य रस्ता होता, आणि अलीकडे किट वेंग उभा होता. बाटिकचा कडक इस्त्रीचा सदरा, हातात आहेर. त्याने गाडीखाली वाकून पाहिलं.

"चिगू, हा सगळ्यात उभा आहे. आता तुम्हीही उतरा."

"आणि चालवणार कोण?"

"उतारावर आहे. न्यूट्रलमध्ये टाकून मी बाहेरूनच ढकलतो. स्टीअरिंग खिडकीतून धरतो. आत कोणी बसायचंच नाही." मग तो हळूच म्हणाला, "पलीकडे गेली की तुम्हीच चालवा. मी तिला हातही लावत नाही."

चिगू उतरले. इझ्यानही उतरली. तिने आपला हात त्यांच्या हातात दिला, आणि पोशाख धरायला दुसरा हात लागत होता म्हणून आपल्या हातातला फुलांचा गुच्छही त्यांनाच दिला. बापलेक डोंगर चढू लागले. चढ असा कितीसा असणार? चार पावलं वर, चार पावलं खाली.

"आबा, जरा सावकाश," इझ्यान म्हणाली. "या टाचांनी घसरेन मी."

"सावकाशच चाललोय."

"अजून सावकाश."

वर पोचल्यावर ती थांबली. मागे अख्खा रस्ता दिसत होता. तीन डोंगर, फाटकाशी बसलेली मादाम पोह, झेंडा घेतलेले शिवनेसन, आणि टोकाला घर.

"मिरीला आमच्या रस्त्यावर एकही स्पीडब्रेकर नाही," ती म्हणाली. "मी बघून आलेय. घरातून निघालं की भुर्रकन बाहेर."

 चिगूंनी तिचा हात घट्ट धरला. डोंगर शंभर मिलिमीटर उंच मागितला तेव्हा रुंदीही चांगली चार-पाच मीटर मागायला हवी होती, हा एकच विचार त्यांच्या मनात होता. खाली किट वेंग गाडी पार करून, तिला हात न लावता, पाठ फिरवून उभा होता.

पुढे मशिदीपर्यंत गाडी चिगूंनीच चालवली, ताशी तीसने. काझीने घड्याळाकडे बोट दाखवलं. चिगूंच्या सदऱ्यावर पाकळ्या होत्या आणि केळीच्या पानाचा वास येत होता, ते पाहून त्याने बोट खाली घेतलं आणि निकाह सुरू केला.

महिन्याभरात काळ्या स्प्रिंगा आल्या. या वेळी चिगूंनी दुकानात वही उघडली, आणि किट वेंगने पट्टी लावून मिलिमीटर मोजले. गाडी वर आली. तोम्पोक परत आला. आता त्याला तिथे जरा अंग चोरून झोपावं लागतं.

आणि एका सोमवारी, अर्ज मंजूर झाल्यामुळे, पालिकेची माणसं यंत्र घेऊन आली आणि चिगूंच्या घराकडून डोंगर खरवडत निघाली. पहिला झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. ती मुख्य रस्त्याजवळच्या चौथ्यापाशी पोचली तेव्हा चिगू त्याच्यावर उभे होते. माणसांनी समजावलं, शिवनेसननी समजावलं, पण ते हलेनात. शेवटी मुकादमाने यंत्र बंद केलं आणि त्यांना ऑफिसात जायला सांगितलं.

हस्मा बाईंनी फाइल न मागता काढली आणि कोरा अर्ज पुढे केला. चिगूंनी लिहिलं: 'चौथा गतिरोधक आहे त्याच उंचीचा राहू द्यावा. उंची: शंभर.' मग पेन पुन्हा टेकवून त्यापुढे 'मिलिमीटर' लिहिलं.

"कारण राहिलं, चिगू," हस्मा बाई म्हणाल्या.

चिगूंनी कारण लिहिलं. हस्मा बाईंनी कागद फिरवून वाचला, आणि पुढे काही न विचारता शिक्का मारला.

कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: कौटुंबिक.